भिंतीची जाडी

शाळेच्या मागच्या भिंतीला ओल आली
म्हणून पातं घेऊन खरवडायला बसले.
लिमाच्या या डोंगरावर पाऊस असा पडत नाही,
नुसतं धुकं गळतं, मे ते ऑक्टोबर.
कपडे वाळत नाहीत, पोरं खोकतात,
आणि भिंतीला फोड येतात, हाताला यावेत तसे.

वरचा हिरवा कॅनडाच्या मुलांचा.
त्याखाली पिवळा. पिवळ्याखाली तो भयंकर गुलाबी,
ज्याला एदिल्बेर्तो मास्तर ‘डुकराची जीभ’ म्हणायचे.
जवळजवळ दर जुलैत कुणीतरी यायचं
आणि ही भिंत रंगवायचं.
पाणी टँकरचंच राहिलं,
छपराला तीच तीन भोकं,
भिंत मात्र जाड होत गेली.

खोटं कशाला बोलू, आम्हाला आवडायचं.
घराएवढ्या पिशव्या पाठीवर घेऊन
धापा टाकत पायऱ्या चढणारी ती उंच उंच पोरं,
गुडघ्यांवर बसून आमच्याशी मोठ्याने बोलणारी,
जणू आम्ही बहिरे.
शेवटच्या दिवशी रडायचं असतं, हेही आम्ही शिकलो.
मारित्सा तर केक कापायच्या आधीच सुरू करायची.
“थांब गं, अजून फोटो व्हायचाय.”

फ्राउके त्यातलीच. हॉलंडची, एकोणीस वर्षांची,
डाव्या हाताची करंगळी वाकडी.
आमची भाषा तिच्या वहीत होती
आणि वही धुक्याने भिजली होती.
आमच्याकडे बटाट्याला पापा म्हणतात,
बापालाही पापाच, फक्त शेवटी जोर देऊन.
तिला तो जोर जमेना.
पहिल्याच तासाला तिने मला विचारलं,
“तुझा बटाटा काय काम करतो?”
हसून हसून वर्ग बाकांखाली गेला.
मी सात वर्षांची. मला हसता आलं नाही.
सांगितलं, खाणीत गेलाय.
दोन नाताळ झाले. आला नाही.
वही न उघडता तिला ते कळलं.

त्या दुपारी बाकीचे ब्रश घेऊन भिंतीपाशी,
आणि ही वस्तीच्या स्वयंपाकघरात,
दोन्या नेलिदाच्या शेजारी, उलट्या बादलीवर.
बटाटे सोलत राहिली.
वाईट सोलायची. सालीबरोबर निम्मा बटाटा जायचा.
दोन्या नेलिदा गुपचूप त्या साली उचलून
पुन्हा सोलायची.
साडेतीन आठवडे, रोज.
गेली तेव्हा बऱ्यापैकी सोलत होती.

पत्र लिहीन म्हणाली.
मी पत्ता दिला: मोठ्या दगडाच्या वरचं घर, निळं दार.
आता वाटतं, असल्या पत्त्यावर
पत्र निघालं तरी पोचलं कसं असतं.
तेव्हा मात्र पुढची दोन वर्षं
मी आईला दाराचा रंग बदलू दिला नाही.

गुलाबीखाली राखाडी, राखाडीखाली परत पिवळा,
मग मोजायचं सोडून दिलं.
सगळ्यात तळाशी निळा. आणि निळ्यात हात.
आमचे, पांढऱ्या रंगात बुचकळून उमटवलेले,
पुढच्या जुलैने झाकून टाकलेले.
माझा कुठला, ओळखता आलं नाही.
सगळे सारखेच, पुरीएवढे.
खाली, अगदी जमिनीलगत,
फोटोत येणार नाही अशा जागी
एक मोठा. करंगळी बाहेर वळलेली.

त्याच स्वयंपाकघरात मी आता
रोज एकशेवीस ताटं वाढते.
यंदा कुणी आलं नाही.
पोरं विचारतात, या वर्षी कुठला रंग?
म्हटलं, आधी ओल कुठून येते ते बघू.
बहुतेक मागच्या खडकातून.
खणावं लागेल. एदिल्बेर्तो मास्तरांचा मुलगा येतो म्हणालाय,
रविवारी, पहार घेऊन.

खालचा तेवढा तुकडा खरवडला नाही.
कारण वगैरे काही नाही,
अकरा वाजून गेले होते
आणि बटाट्यांचं पोतं
अजून शिवलेलंच होतं.